ताजं म्हावरं कुणाच्या ताटात?

माझं तोंड पहिल्यांदा सुजलं तेव्हा शेजारची बाई मला म्हणाली, "सासर मानवलं गो तुना. कसे गाल आले!" माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, वरचा ओठ पावासारखा फुगला होता, मानेपासून पोटापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या, आणि ही बाई मला गाल आले म्हणून सांगत होती. मी तिला उलट बोलले नाही. तेव्हा मी कुणालाच उलट बोलत नसे. त्याची भरपाई आता करते आहे.

मला बरी होऊन बरीच वर्षं झाली. अंगावर पित्त उठतं, तपासण्यांत काही सापडत नाही आणि घरातले म्हणतात हिला काही झालेलं नाही, अशी जी कोणी असेल तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत. धाकट्या बहिणीला आधी वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "ताई, थोडं गोड लिही गं, सासरचे वाचतील." वाचू देत. गोड लिहिण्यासारखं फार काही घडलेलं नाही, आणि जे थोडं घडलं ते मी लपवणार नाही.

आमचं घर

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीलगत आमचं गाव. नव्वद सालच्या आसपास चहूबाजूंनी बिल्डिंगा उठत होत्या आणि मधे आमची कौलारू घरं तशीच बसून होती. मी मूळची दिव्याची, मॅट्रिक झालेली. माहेर शेतीवालं, सासर मासेवालं. सासरे, म्हणजे बाबा, स्वतःच्या होडीने खाडीत जायचे. सासूबाई मार्केटात म्हावरं विकायला बसायच्या. म्हावरं म्हणजे मासळी, आमच्याकडे दुसरा शब्द नाही. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत. त्याचं नाव सुरेश. सरळ लिहिते, उखाण्यात घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. आणि माझी मुलगी दीपा, तेव्हा सात वर्षांची.

आता जेवणाची पद्धत सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. बाबांच्या जाळ्यात आलेली कोलंबी, बोई, चिवणी सकाळी घरी यायची. उड्या मारणारी. तिचं कालवण मी अकराच्या आत करायची. बाबा विश्रांती घेऊन, आंघोळ करून दीडच्या सुमाराला पाटावर बसायचे. सुरेश ज्या पाळीत घरी असेल तेव्हा तोही त्यांच्याबरोबर. पुरुष जेवून उठले की दीपा. मग सासूबाई जेवणापुरत्या बाजारातून येऊन टेकल्या की त्या आणि मी, अडीच-तीनला. तोपर्यंत ताज्या कालवणाच्या टोपात रस्सा आणि एखादं डोकं उरलेलं असायचं.

मग आम्ही काय खायचो? तर सासूबाईंच्या टोपलीत जे विकलं जात नसे ते. मुख्यतः बांगडा. सकाळी घाऊक बाजारातून आणलेला, दिवसभर मार्केटात फळीवर पडलेला, गिऱ्हाइकांनी दाबून दाबून पाहिलेला बांगडा संध्याकाळी टोपलीच्या तळाशी घरी यायचा. विकणाऱ्याच्या घरात न विकलेलंच शिजतं, यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. तो धुऊन, मीठ-हळद लावून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्याचं कालवण करायचं, आणि ते मुरलं की जास्त चांगलं लागतं असं म्हणत तिसऱ्या दिवशीही खायचं. लागायचंही चांगलं. खोटं कशाला सांगू?

पूर्वी हे एका दिवसात संपवावं लागे, नाहीतर नासे. मग आमच्याकडे फ्रिज आला. सुरेशने दिवाळीत घेतला. बाहेरच्या खोलीत मांडला, सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मी भरतकामाचं कव्हर शिवलं. गावातल्या बाया बघायला आल्या. सासूबाई फ्रिजच्या अंगावरून हात फिरवत म्हणाल्या, "आता काय पन वाया जायाचा नाय." खरंच काही वाया गेलं नाही. सगळं आमच्या पोटात गेलं. त्यात आमच्याकडची लाईट! दुपारी गेली की संध्याकाळी यायची. फ्रिजच्या तळाला पाणी साचायचं, बांगडा मऊ पडायचा, लाईट आली की पुन्हा गार व्हायचा. वास मात्र येत नसे, म्हणून आम्ही निश्चिंत.

फ्रिज आला त्याच हिवाळ्यात माझं तोंड सुजलं. दोन्ही गोष्टींचा संबंध लावायला मला दोन वर्षं लागली.

मनाला लावून घेता का?

जेवून अर्धा तास झाला की कान तापायचे. मग चेहरा लाल, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, पोट बिघडायचं, आणि अंगभर गांधी. कधी रोज, कधी आठवडाभर काहीच नाही. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी पाजलं, अंगालाही चोळलं. घोंगडीत गुंडाळून बसवलं. त्यांच्या परीने केलं त्यांनी, ते मी नाकारत नाही. पण दर वेळी त्या एकच वाक्य बोलायच्या, आणि ते वाक्य पुढे माझ्या मानगुटीला बसलं.

"मी पन तेच खाल्लं. तोच टोप, तेच म्हावरं. मना काय नाय होत. मंग तुनाच कसा होतं गो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे घरात सर्वांनी मिळून उत्तर ठरवलं, की सुमनची, म्हणजे माझी, नाटकं आहेत.

डॉक्टर तर काय विचारू नका. पहिल्याने जंताचं औषध दिलं. दुसऱ्याने रक्त, लघवी, सगळं तपासून कागद परत माझ्या हातात दिला आणि सुरेशला म्हणाला, "काही नाही हो यांना. फार मनाला लावून घेतात का?" मी समोर बसले होते. मला विचारायचं सोडून नवऱ्याला विचारलं, जसं काही मी त्याच्या मालकीची शिलाई मशीन आहे आणि मधेच अडकते आहे. सुरेश म्हणाला, "हो, थोडा स्वभाव आहे तसा." तिसऱ्या एका बाईंनी, बाई असून, सांगितलं की दुसरं मूल होऊ द्या, लक्ष तिकडे लागेल. मला अंगभर खाज सुटलेली, आणि यांना पाळणा हलवायचा होता!

गोळी घेतली की गांधी बसायच्या आणि मला झोप यायची. दुपारी झोपले की गावात चर्चा, सुमन दुपारची लोळते. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी स्वतःही थोडी थोडी मानायला लागले होते की मीच असं काहीतरी करत असेन. मला सगळ्यात जास्त संताप आजही त्याचा येतो. लोक बोलले ते बोलले, पण मी माझ्याच अंगावर विश्वास ठेवायचा सोडला.

घसा

एका दुपारी तीन वाजता जेवून भांडी घासायला बसले आणि घसा आवळला. आत कुणीतरी मूठ वळतं आहे असं वाटलं. हाक मारायला गेले तर आवाज घोगरा आला. दीपा अंगणात होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली. सुरेश पहिली पाळी करून नुकताच आला होता, त्याने मला रिक्षात घातलं. रिक्षात मी एकच मोजत होते, श्वास आत जातो आहे का. दीपाची वेणी घालायची राहिली होती, हेही डोक्यात होतं. मरताना माणसाला काहीतरी मोठं सुचत असेल अशी माझी समजूत होती, पण मला वेणी सुचली.

नर्सिंग होममध्ये धडाधड इंजेक्शनं दिली, नाकाला नळी लावली. संध्याकाळपर्यंत घसा सुटला. दोन दिवस ठेवलं. सहा खाटांची खोली, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, पहाटे पाचला थर्मामीटर, साडेपाचला बिनसाखरेसारखा चहा, आठला डॉक्टर. शेजारच्या खाटेवर बाळंतीण होती, ती आपल्या डब्यातला मऊ भात मला अर्धा द्यायची. नाव विचारायचं राहून गेलं. त्या दोन दिवसांत मला एवढं एकच कुणीतरी मायेने दिलं.

घरून माझाही डबा आला होता म्हणा. दुसऱ्या दिवशी दुपारी. सासूबाईंनी सुरेशच्या हाती मुद्दाम पाठवला होता, ताकद यावी म्हणून. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण. परवाचं. मी चार घास खाल्ले आणि वीस मिनिटांत माझ्या हातावर गांधी उठायला लागल्या. नर्स धावत आली. तिने विचारलं, "अहो, काय खाल्लंत?" आणि सुरेश म्हणाला, "काही नाही, घरचंच जेवण."

त्या तरुण नर्सने डब्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. तिने डॉक्टरांना काय सांगितलं माहीत नाही, पण घरी सोडताना त्यांनी ठाण्याच्या एका स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. म्हणाले, नौपाड्यात बसतात, जरा तिरसट आहेत, पण जा.

नौपाड्यातला प्रश्न

तिरसट म्हणजे काय, खवट होते. सत्तरीचे, पांढराशुभ्र शर्ट, पुणेरी बोलणं. मी आत गेले तसं त्यांनी सुरेशला दाराशीच थांबवलं. "आपण बाहेर बसा. पित्त आपल्याला उठतं की यांना?" दोन वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मला तिथेच रडू आलं, पण मी ते गिळलं.

त्यांनी पंधरा दिवस रोजचं खाणं वहीत लिहून आणायला सांगितलं. मी मॅट्रिक झालेली, वही छान रेघा आखून लिहिली. पंधरा दिवसांनी त्यांनी ती वाचली. बोट एका शब्दावर ठेवत ठेवत पुढे जात होतं. बांगडा. बांगडा. सुकट. बांगडा.

"मासा ताजा असतो?"

मला रागच आला. मासेवाल्याच्या घरात हा प्रश्न विचारणं म्हणजे शिवी. आमच्याकडून नेलेली मासळी शिळी निघाली असं गावात कुणी म्हटलं तर सासूबाई पदर खोचून उभ्या राहायच्या.

"ताजाच असतो. आमचं घर कोळ्याचं आहे. शिळं आमच्याकडे नसतंच."

"बाई, प्रश्न नीट ऐका. घरात ताजा येतो का, असं मी विचारलेलं नाही. तुमच्या ताटात जो तुकडा पडला, तो पाण्याबाहेर कधी निघाला होता?"

मी मोजायला लागले. समुद्रातून निघून घाऊक बाजारात यायला एक दिवस तरी. मार्केटात एक दिवस. रात्रभर फ्रिज. कालवण केलं. ते दुसऱ्या दिवशी संपलं नाही, तिसऱ्या दिवशी खाल्लं. बोटं मोजता मोजता चौथ्यावर आली तेव्हा मला समजलं, की मी खोटं बोललेले नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं. घरात ताजं म्हावरं रोज शिजत होतं, मीच शिजवत होते, त्याच्या वासात मी सकाळभर उभी असायची, म्हणून मला वाटायचं की मी ते खाते. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ते खाते!

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मासा, त्यातही बांगड्यासारखा, पडून राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य वाढत जातं. वास येत नाही, चव बिघडत नाही, उकळलं तरी जात नाही. काही माणसांना ते सोसतं, काहींना नाही. सासूबाईंना सोसत होतं, मला नाही, एवढाच फरक. सुकं, खारवलेलं, आंबवलेलं, लोणचं, टोमॅटो, वांगं, पालक, हे काही दिवस बंद. मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. ताजं आणावं. लगेच शिजवावं. शिजल्याबरोबर खावं.

"सोपं आहे," ते म्हणाले.

हुशार माणूस, पण सोपं आहे म्हणाला. त्यांच्या घरात कोण आधी जेवत असेल याचा मी विचार करत परत आले.

माळ घातली काय?

पहिल्या दोन ओळींना घरात कुणाची हरकत नव्हती. तिसरीला होती.

सासूबाईंनी कागद माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा. मग म्हणाल्या, "म्हंजे तू अकराला जेवनार? बाबाच्या आदी?"

"डॉक्टरांनी लिहिलंय आई."

"डाक्टरचं काय जातंय लिवाला. मी या घरात आले तवापास्नं बाबाच्या आदी घास घेतला नाय. माज्या सासूनं घेतला नाय. तू काय आभालातनं परली?"

बाबा ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही. जाळं दुरुस्त करत होते ते करत राहिले. सुरेश म्हणाला, "बघू, काहीतरी ॲडजस्ट करू." त्याने काय ॲडजस्ट केलं ते मला आजवर दिसलेलं नाही.

मी म्हावरंच सोडलं. दोन महिने दुधी, पडवळ, बटाटा, मूग, नाहीतर नुसता भात आणि तूप. गावात बाया विचारायच्या, "माळ घातली काय गो?" कोळ्याच्या घरातली सून मासे खात नाही म्हणजे एकतर माळकरीण झाली, नाहीतर तिला सासर नकोसं झालं. पण गांधी कमी झाल्या. पंधरा दिवसांत मी आरशात माझे स्वतःचे डोळे पाहिले. त्या आनंदाविषयी खूप लिहिता येईल, पण मला दुसऱ्या गोष्टीकडे जायचं आहे.

दुधीसुद्धा अकराला शिजवून तीनला खाल्ला की थोडं डोकं चढायचं. म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याकडे तोंड करून, उभ्याने, टोपातलंच चार घास पटकन खायला लागले. पाठीमागे पावलं वाजली की तोंड पुसायचं. स्वतःच्या हाताने शिजवलेलं अन्न, स्वतःच्या औषधासाठी, चोरासारखं!

एका शनिवारी दीपाने पाहिलं. शाळेतून लवकर आली होती. दारात उभी राहिली, माझ्या गालातला घास पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तू लपून खातेस? मी नाही सांगणार कुणाला."

तिला वाटलं मी गुन्हा केला आहे आणि ती मला वाचवते आहे. नऊ वर्षांच्या पोरीला समजलेलं होतं की बाईने आधी खाणं लपवायचं असतं. मला त्या क्षणी डॉक्टर, सासू, नवरा, कुणाचाच राग आला नाही. माझा आला. अंगावर पित्त उठलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकी मी आतून भाजून निघाले.

मी तिला म्हटलं, "सांग. सगळ्यांना सांग. उद्यापासून मी बाहेर बसून खाणार आहे."

सकाळची पोपटी

थंडी होती. वालाच्या शेंगा आल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कोंबडी भरायची, तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, सगळं आपल्याच वाफेवर भाजतं. पण पोपटी हे पुरुषांचं काम. शेतात, मित्र जमवून, बाटल्या उघडून. बायकांनी शेंगा धुऊन द्यायच्या आणि सकाळी मडक्याच्या तळाच्या गार शेंगा सोलून खायच्या. लग्न झाल्यापासून मी पोपटी गारच खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी कोंबडीवाल्याकडे गेले, समोर कापून घेतली, घरी आणून लगेच धुतली. दही नाही, लिंबू नाही, बाजारचा मसाला नाही. आलं, लसूण, कोथिंबीर, हळद, मीठ, थोडा ओवा. डॉक्टरांना विचारून घेतलेलं सगळं. शेंगा मला खायच्या नव्हत्या, पण त्यांच्याशिवाय पोपटी कसली, म्हणून मूठभर कडेला भरल्या. दीपाने पाला आणला. सुरेशला सुट्टी होती, तो दारात उभा राहून बघत होता. मी अंगणात मधोमध, तुळशीपासून जरा लांब, मडकं उपडं केलं आणि आग लावली. सकाळचे साडेदहा वाजले होते. कुंपणाबाहेरून दोन बाया हसल्या. "सकाली पोपटी? आनि बाई लावते?" मी म्हटलं, "हो. या जेवायला." आल्या नाहीत.

अकराच्या पुढे सासूबाई आल्या. रविवारी माल लवकर खपतो, टोपली रिकामी होती. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. भरती लवकर होती म्हणून बाबाही त्यांच्या मागोमाग आले. अंगणातला धूर पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा! पोपटी. आंघोल करून येतो, ताट घे."

मी मडकं आगीतून काढलं. पाला उघडला, वाफेचा लोट वर आला, भांबुर्डीचा वास सगळ्या अंगणात पसरला. मला कडकडून भूक लागली. एक पत्रावळ घेतली. तीत कोंबडीचा पाय, एक बटाटा, अर्धं रताळं ठेवलं, आणि मी तिथेच, मातीत, मांडी घालून बसले. सगळ्यांच्या समोर.

बाबा दाराजवळ थांबले. "माजं ताट?"

"वाढते बाबा. माझं जेवून झालं की."

बाबांनी आयुष्यात हे वाक्य ऐकलं नव्हतं, त्यांना त्याचं काय करायचं तेच समजेना. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. घरातून बाहेर काढतील, दिव्याला पाठवतील, दीपाला ठेवून घेतील, सगळं एका सेकंदात मनात आलं. पण त्या दुपारी रिक्षात मी जशी श्वास मोजत होते ते मला आठवलं. मी घास तोंडात घातला.

तो घास कसा लागला ते मला नीट सांगता येत नाही. रताळं मधासारखं झालं होतं. कोंबडीचं मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. मी चावत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला इतका राग येत होता की चव आणि राग वेगळे काढता येत नव्हते. एवढंच हवं होतं मला. दोन वर्षं सुया, गोळ्या, नळ्या, भलतेसलते प्रश्न, आणि औषध काय, तर स्वतः शिजवलेलं स्वतः गरम खाणं.

सुरेश पायरीवरून उतरला. "बाबा, बसा. मी वाढतो तुम्हाला," म्हणाला. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याने बाजू घेतली. ताट वाढताना त्याला पळी कुठे असते ते सापडेना. मी सांगितलं नाही, शोधू दे म्हटलं. बाबा बसले. कुरकुरले, पण बसले, आणि जेवले.

मी अर्धा तास वाट पाहिली. पाऊण तास. कान तापले नाहीत, चेहरा लाल झाला नाही. दीपा दर पाच मिनिटांनी माझा हात उलटासुलटा करून बघत होती.

सासूबाई अजून पायरीवरच होत्या. त्यांची जेवायला बसायची वेळ अजून व्हायची होती. माझी त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी होती, काय काय बोलायचं ते दोन महिने मनात रचून ठेवलेलं होतं. मी गरम राहावं म्हणून निखाऱ्यांवर परत ठेवलेलं मडकं पुन्हा उघडलं, दुसरा पाय काढला, पत्रावळीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर नेऊन आदळला.

"खा आई. आत्ता. गरम आहे तोवर."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं, ते हाड चोखत होते. मग त्यांनी मोठा तुकडा तोडला, नेहमी तोडायच्या तसा, आणि सरळ तोंडात घातला. फुंकर न घालता. दुसऱ्या क्षणी त्या तोंड उघडं ठेवून, हाताने वारा घेत, डोळ्यांत पाणी आणून पुढे मागे झुलायला लागल्या. जीभ पोळली होती. फुंकून खायचं असतं हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी पाण्याचा तांब्या दिला. त्या प्यायल्या, पदराने तोंड पुसलं, आणि माझ्या कानाशी येऊन, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"सुमन, हे लोक रोज एवरं गरम खातात कं गो?"

त्या तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या.